चांगदेवांचा मायना का अडला? अहंकार आणि नम्रता यांविषयी सोपे करून

आषाढी एकादशीच्या पहाटे पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात मुख्यमंत्री सपत्नीक शासकीय महापूजा करतात आणि दर्शनरांगेत उभ्या असलेल्या एका दांपत्यालाही त्या पूजेला बसण्याची संधी मिळते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत या दांपत्याचा उल्लेख ‘मानाचे वारकरी’ असा असतो. ही बातमी आपण दरवर्षी कौतुकाने वाचतो आणि तिच्यातली गंमत आपल्या लक्षात येत नाही. ज्या वारकरी संप्रदायाच्या मुख्य ग्रंथात, म्हणजे ज्ञानेश्वरीत, मान नकोसा वाटणे हे ज्ञानाचे पहिले लक्षण म्हणून सांगितले आहे, त्याच संप्रदायाच्या सर्वांत मोठ्या सोहळ्यात मानाचे वारकरी असतात, मानाच्या पालख्या असतात आणि कोणती दिंडी रथाच्या पुढे चालायची व कोणती मागे याचाही ठरलेला मान असतो. यात कोणाला टोमणा मारण्याचा हेतू नाही. मान ही गोष्ट माणसाला किती चिवटपणे चिकटून असते एवढेच त्यावरून दिसते, कारण ज्यांनी सातशे वर्षे तिच्याविरुद्ध कीर्तने केली त्यांच्याही मांडवात ती न बोलावता येऊन बसली.

‘अहंकार सोडा’ हा उपदेश आपण प्रवचनांत, शाळेच्या फळ्यावर आणि हल्ली रोज सकाळी मोबाइलवर येणाऱ्या सुविचारांत इतक्या वेळा ऐकतो की सोडायचे म्हणजे नेमके काय, हा प्रश्नच मनात येत नाही. बहुतेक श्रोते तो उपदेश ऐकून घरी जाताना मनाशी म्हणतात, ‘हे आमच्या साहेबांनी ऐकायला हवे होते.’ म्हणून प्रथम शब्दापासून सुरुवात करू.

अहंकार म्हणजे गर्व नव्हे

बोलीभाषेत अहंकार म्हणजे ताठा, घमेंड, गुर्मी. शास्त्रात मात्र हा शब्द शिवी नाही. ‘अहम्’ म्हणजे मी, आणि ‘कार’ म्हणजे करणे. जे काही घडते त्याला ‘मी’ची जोड देणाऱ्या आतल्या शक्तीला सांख्य दर्शनाने अहंकार हे नाव दिले आणि मन व बुद्धी यांच्याबरोबर तिलाही माणसाच्या आतल्या यंत्रणेचा एक भाग मानले. मन विषय समोर आणते, बुद्धी निवाडा करते आणि अहंकार म्हणतो, ‘हे माझे, हे मी केले.’

एसटीच्या प्रवासात हे यंत्र उघड्यावर चालताना दिसते. गाडी फलाटाला लागण्याआधीच कोणीतरी खिडकीतून रुमाल आत टाकतो. बाक महामंडळाचा, गाडी महामंडळाची आणि प्रवास फार तर दोन तासांचा. पण रुमाल पडल्याक्षणी ती जागा ‘माझी’ होते. त्या रुमालावर दुसरा कोणी बसला, तर दोन मिनिटांपूर्वी ज्या बाकाशी आपला काही संबंध नव्हता त्याच्यासाठी आपण घसा ताणून भांडतो आणि आपल्यावर खरोखर अन्याय झाला असे आपल्याला वाटते. अहंकाराचे काम हे एवढेच आहे: रुमाल टाकणे. हुशारी, घराणे, देखणेपणा, मुलाचे गुण, गावाचे नाव, स्वतः घडवलेले आणि आयते मिळालेले, सगळ्यांवर तो सारख्याच तत्परतेने रुमाल टाकत जातो.

हे काम मुळात वाईट नाही. ‘मी’ची जाणीवच नसती, तर भूक कोणाला लागली आहे हे न कळून घास शेजाऱ्याच्या तोंडात गेला असता. अडचण पुढे आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे की कामे प्रकृतीच्या गुणांनी होत असतात आणि अहंकाराने भुललेला माणूस ‘कर्ता मीच’ असे मानतो. म्हणजे रुमाल टाकणे ही प्रवासाची सोय होती, तिचे आपण खरेदीखत करून घेतले.

हा अर्थ एकदा ध्यानात घेतला की गर्व हे अहंकाराचे अनेक रूपांपैकी केवळ एक रूप ठरते. लग्नपत्रिकेत आपले नाव खालच्या ओळीत छापले म्हणून रुसणारे काका, दुसऱ्याच्या बढतीने ज्याची झोप उडते तो सहकारी, आणि ‘मला कोणी विचारतच नाही’ असे म्हणत कोपऱ्यात बसणारा मितभाषी माणूस, या तिघांच्याही आत तेच यंत्र चालू असते. शेवटच्या माणसाला आपण नम्र समजतो, ही आपली चूक.

कोऱ्या कागदाची गोष्ट

चांगदेव हे तापीच्या काठचे मोठे योगी. चौदाशे वर्षे जगले, असे परंपरा सांगते. आळंदीच्या ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहावेसे वाटले, कागद पुढे घेतला आणि पहिल्याच ओळीला लेखणी थांबली. मायना काय लिहावा? वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने तो आपल्यापेक्षा मोठा आहे. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर समोरचा कोवळा मुलगा. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवून दिला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाल्या की इतकी वर्षे जगून चांगदेव कोरेच राहिले. निवृत्तिनाथांनी मात्र त्या कोरेपणाचे उत्तर लिहायला ज्ञानेश्वरांना सांगितले आणि त्यातून पासष्ट ओव्यांचे ते प्रसिद्ध पत्र, म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’, तयार झाले.

कीर्तनकार ही कथा सांगताना लवकर पुढच्या प्रसंगाकडे, म्हणजे वाघावर बसून आलेल्या चांगदेवांकडे आणि चाललेल्या भिंतीकडे वळतात, कारण तिथे टाळ्या असतात. मला मात्र तो अडलेला मायना जास्त महत्त्वाचा वाटतो. चांगदेव उद्धट नव्हते. समोरचा श्रेष्ठ आहे हे त्यांच्या बुद्धीला कळले होते, म्हणून तर ‘चिरंजीव’ लिहायला हात धजेना. अडचण अशी की लहान कोण आणि मोठा कोण हे ठरवल्याशिवाय त्यांना बोलायला सुरुवातच करता येत नव्हती. आपल्यापैकी कितीतरी जणांचे दिवसाचे कितीतरी व्यवहार याच ठिकाणी अडतात: आधी फोन कोणी करायचा, आधी नमस्कार कोणी करायचा, भांडण झाल्यावर आधी कोणी बोलायचे. चांगदेवांचा मोठेपणा हा की त्यांनी अडचण लपवली नाही, कोरा कागद जसा होता तसाच धाडला. आणि पुढे वयाने पोरसवदा असलेल्या मुक्ताबाईंना गुरू केले.

वारकऱ्यांनी या मायन्याचा प्रश्न एका शब्दात सोडवला. वारीत पाणी वाटणारा, बंदोबस्ताला उभा असलेला हवालदार, नव्वदीची आजी आणि शहरातून प्रथमच आलेला तरुण, सगळे ‘माउली’. एकच संबोधन सर्वांना लागू असल्यामुळे वय, हुद्दा आणि जात यांची चौकशी न करता तोंड उघडता येते.

नम्रतेला ‘ज्ञान’ का म्हटले?

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पहिला शब्द येतो ‘अमानित्व’, म्हणजे मानाची हाव नसणे, आणि दुसरा ‘अदंभित्व’, म्हणजे देखावा नसणे. अनहंकार त्यानंतर काही पावलांवर येतो. या यादीच्या शेवटी ‘यालाच ज्ञान म्हणतात’ असे विधान आहे. आपली समजूत उलटी असते. ज्ञान म्हणजे माहिती, विद्या, अधिकार, आणि नम्रता म्हणजे त्यावर शोभून दिसणारा दागिना. असला तर उत्तम, नसला तरी विद्वान तो विद्वानच. गीता नम्रतेला ज्ञानाच्या हिशेबातच धरते. हे कसे?

जुन्या किराणा दुकानातला तराजू आठवून पाहा. वजन करण्याआधी दुकानदार दोन्ही पारडी रिकामी ठेवून काटा मध्यावर येतो का ते पाहत असे, आणि एक पारडे जड असले तर दुसऱ्यात खडा किंवा लोखंडाचा तुकडा टाकून धडा करून घेत असे. पारड्यांतल्या त्या मुळातल्या फरकाला पासंग म्हणतात. पासंग राहिला तर माल चोख, माप चोख, मोजणारा प्रामाणिक, तरीही प्रत्येक वजन चुकते आणि प्रत्येक वेळी एकाच बाजूला चुकते. अहंकार हा आपल्या तराजूतला पासंग आहे. भांडणात चूक कोणाची, घरात कष्ट कोणाचे जास्त, यश कोणामुळे आले, हे आपण प्रामाणिकपणेच तोलतो आणि दर वेळी पारडे आपल्या बाजूला झुकते. नम्रता म्हणजे वजनाआधी धडा करून घेणे. म्हणूनच ती ज्ञानाच्या यादीत पहिली येते, कारण पुढची सगळी वजने त्याच तराजूवर व्हायची असतात.

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी या दोन शब्दांवर भाष्य करताना जे दृष्टान्त दिले, ते आजही एखाद्या खेडुताने दिल्यासारखे ताजे वाटतात. अमानी माणसाची स्तुती सुरू झाली की तो कसा होतो? शिकाऱ्याने कोंडलेल्या हरणासारखा कासावीस होतो. हातांनी पाणी तोडत पोहणारा भोवऱ्यात सापडावा तसा गुदमरतो. आपली कीर्ती कानावर पडू नये, लोकांनी आपल्याला ‘हा अमुक’ म्हणून ओळखूही नये, असे त्याला वाटते. आणि अदंभ? शेतकरी जसे पेरलेले बी मातीने झाकतो, तसे हा माणूस आपले दानपुण्य झाकतो.

या शेवटच्या दृष्टान्तापाशी थोडे थांबावे. शेतकरी बी झाकतो ते लाजून नव्हे. उघडे राहिले तर पाखरे टिपतील आणि उगवणार काहीच नाही, हे त्याला ठाऊक असते. सत्कर्म लपवण्यामागे असाच व्यवहार आहे, असे ज्ञानेश्वर सुचवतात. देणगीची पाटी दगडात कोरून मंदिराच्या भिंतीला लावली की जे मिळायचे ते तिथेच टिपले गेले.

मडके कच्चे कोणाचे?

अहंकार फक्त अडाणी माणसाला छळतो, असे कोणाला वाटत असेल तर ज्ञानेश्वरीच्या त्याच तेराव्या अध्यायातली एक ओवी वाचावी: ‘नवल अहंकाराची गोठी । विशेषें न लगे अज्ञानापाठीं । सज्ञानाचे झोंबे कंठीं । नाना संकटीं नाचवी ॥’ अहंकाराची गंमत अशी की तो अडाण्याच्या फारसा मागे लागत नाही. जाणत्याच्या मात्र गळ्याला झोंबतो.

याचे उदाहरण म्हणून संतमंडळींनी आपल्यातल्याच एकाला उभे केले, आणि तेही नामदेवांसारख्या, ज्यांच्याशी विठ्ठल बोलत असे अशी श्रद्धा होती त्या भक्ताला. तेर गावचे गोरा कुंभार वयाने सर्वांत वडील, म्हणून सगळे त्यांना ‘गोरोबाकाका’ म्हणत. संतमेळा जमला असता मुक्ताबाईंनी त्यांच्या थापटण्याकडे, म्हणजे मडकी थापटायच्या लाकडी फळीकडे, बोट दाखवून विचारले, हे कशासाठी? मडके कच्चे की पक्के हे यावरून कळते, असे काका म्हणाले. मग आमच्यातले कच्चे कोणते ते सांगा, असा मुक्ताबाईंचा आग्रह. गोरोबा थापटणे घेऊन उठले आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे मुकाट बसले. नामदेवांना मात्र राग आला, आणि गोरोबांनी निकाल दिला की एवढे मडके कच्चे.

कुंभार मडक्यावर थाप मारतो तेव्हा कान लावून ऐकतो. भाजलेले खणखणीत वाजते, कच्चे बद्द वाजते. या कथेत आवाज डोक्याचा नव्हता, नामदेवांच्या रागाचा होता. ‘मला, विठ्ठलाच्या लाडक्याला, थापटणे?’ इतरांपाशी रुमाल टाकायला बाक तरी होता, नामदेवांचा रुमाल थेट देवावरच पडला होता. आध्यात्मिक वाटेवरचा अहंकार असाच असतो. पैशाचा ताठा डोळ्यांत भरतो आणि लोक तोंडावर नाही तरी मागे हसतात. पण ‘मी रोज पहाटे चारला उठून ध्यान करतो’, ‘माझी ही बाविसावी वारी’ या वाक्यांतला ताठा सोवळ्यात असल्यामुळे त्याला हात लावायला कोणी धजत नाही.

नामदेव तसेच राहिले नाहीत. औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले, त्यांचे शिष्य झाले, पुढे पंजाबापर्यंत फिरले, आणि त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. आज पंढरपूरच्या महाद्वारात ‘नामदेव पायरी’ आहे. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. आणि भाविक मात्र त्या पायरीवर पाय न ठेवता तिला नमस्कार करून आत जातात.

मग ही नम्रता येते कुठून?

नम्रतेवर विचार करून ती येत नाही, असे माझे मत आहे. निदान या संप्रदायाने तसे मानले नाही. त्यांनी ती शरीराला लावलेली सवय म्हणून शिकवली. दोन वारकरी भेटले की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात, वय आणि जात न पाहता. पहिल्यांदा एका दिंडीत सामील झालो तेव्हा माझ्या वडिलांच्या वयाचे गृहस्थ माझ्या पायांशी वाकले आणि मी भांबावून दोन पावले मागे सरलो. मग घाईने मीही वाकलो, नेमके त्याच वेळी ते उठत होते, आणि आमची डोकी एकमेकांवर आपटून त्यांची टोपी चिखलात पडली. ते हसले, टोपी झटकून पुन्हा डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, ‘माउली, घाई नाही.’ नंतर विचार करताना लक्षात आले की मी मागे सरलो त्यालाही विनय म्हणता आले नसते. मोठ्या माणसाने वाकायचे नसते आणि लहानाने वाकायचे असते, हा माझा हिशेब बिघडल्याची ती धडपड होती. चांगदेवांच्याच जातीची.

दुसरी शिकवण टाळांची. दिंडीच्या ओळीत वीस-पंचवीस टाळकरी एका ठेक्यात वाजवत चालले की नाद एकच होतो. त्याच दिंडीतल्या एका जुन्या टाळकऱ्याने मला सांगितले होते की आपला टाळ आपल्याला वेगळा ऐकू यायला लागला तर समजावे की आपण पुढे तरी गेलो किंवा मागे तरी राहिलो. टाळ वाजवणे बंद करायचे नाही, हळूही वाजवायचे नाही. पूर्ण जोर लावायचा, पण तो ओळीत मिसळलेला हवा. अहंकार आणि कर्तृत्व यांचा संबंध याहून सोपा करून सांगणे मला जमलेले नाही.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. पंगतीत वाढणे, उष्ट्या पत्रावळी उचलणे, नाव न सांगता देणे. गुरुद्वारांत भाविकांचे जोडे सांभाळण्याची सेवा असते आणि ती मोठमोठे लोकही आवडीने करतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे: मन ऐकत नसले तरी पाठ वाकवता येते, आणि पाठ पुरेशा वेळा वाकली की मनाला मागून यावे लागते.

‘पण अहंकार नसला तर माणूस काम कशाला करील?’

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळांच्या ओळीत अर्धे आलेच आहे. काम करायला लागते ती जबाबदारीची जाणीव, आणि अहंकार सांगतो ते काम झाल्यावरचे श्रेय. दोन्हींत ‘मी’ असल्यामुळे ते एकच वाटतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला स्वतःच्या हातावर विश्वास हवाच. पण मधेच काही अनपेक्षित दिसले आणि वरिष्ठाला बोलवायची वेळ आली, तेव्हा ‘मला विचारावे लागले’ हे त्याला लागू नये. त्या एका क्षणी विश्वास आणि अहंकार वेगळे होतात आणि रुग्णाचा जीव त्या फटीत असतो.

‘स्वतःला कमी समजणे म्हणजेच नम्रता ना?’

नाही. आपल्याकडे विनयाची एक ठरलेली भाषा आहे. तीन मजली बंगल्यात बोलावताना ‘गरिबाच्या झोपडीला पाय लागू द्या’ म्हणायचे, आणि पुरणपोळीची स्तुती झाली की ‘छे, आज जरा बिघडलीच’ म्हणायचे. हा शिष्टाचार आहे, गोड आहे, चालू राहावा. पण समोरच्याने ‘हो, जरा बिघडली आहे खरी’ असे म्हटले तर काय होते, यावरून तो शिष्टाचार किती खोल गेला होता ते कळते. न्यूनगंड, म्हणजे आपण कोणीच नाही ही सततची बोचणी, हाही पासंगच आहे, फक्त दुसऱ्या पारड्यातला. दोन्हींत काटा मध्यावर नसतो आणि लक्ष स्वतःवरून हलत नाही.

तुकोबा विठ्ठलापुढे स्वतःला पतित म्हणतात आणि तेच तुकोबा नाठाळाच्या माथी काठी हाणण्याची भाषा करतात. यात विसंगती नाही. मेणाहून मऊ असलेले विष्णुदास वज्रालाही भेदतील इतके कठीण होऊ शकतात, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. ज्याला स्वतःचा मान सांभाळायचा नसतो, त्याला दुसऱ्याच्या बाजूने उभे राहताना गमावण्यासारखे काही उरत नाही.

‘हा उपदेश नेहमी खालच्यांनाच का?’

सर्व आक्षेपांत हा मला सर्वांत वजनदार वाटतो. ‘लहानपण देगा देवा’ हा अभंग पगारवाढ मागणाऱ्या माणसाला ऐकवला जातो, सासरी तोंड उघडणाऱ्या सुनेला ऐकवला जातो आणि ऐकवणारा स्वतः मात्र ऐरावतावर बसलेला असतो. मूळ अभंगात तुकोबा लहानपण स्वतःसाठी मागत आहेत. मुंगीला साखरेचा रवा मिळतो आणि ऐरावताला अंकुशाचा मार, हे त्यांचे कारणही साधे आहे. दुसऱ्याने लहान राहावे अशी मागणी त्यात कुठेही नाही.

चोखामेळ्यांची समाधी महाद्वारासमोर, मंदिराच्या बाहेर आहे. जातीमुळे त्यांना आत जाता आले नाही. आणि पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावे लागले, म्हणजे मधे सहाशेहून अधिक वर्षे गेली. या साऱ्या काळात आत उभे असलेल्यांनी बाहेरच्यांना नम्रता शिकवली. नम्र चोखोबा होतेच. पण ऊस वाकडा म्हणून रस वाकडा होत नाही, वरच्या रंगाला काय भुललात, असे विचारायला ते कचरले नाहीत. लादलेले लहानपण आणि मागून घेतलेले लहानपण यांना एकच शब्द वापरणे हा भाषेचा गैरवापर आहे. नम्रता हे स्वतः घ्यायचे औषध आहे. दुसऱ्याचे नाक दाबून ते पाजायचे नसते.

‘गुरूपुढे अहंकार सोडायचा, म्हणजे प्रश्नच विचारायचे नाहीत का?’

फसवणूक करणाऱ्या बाबांच्या बातम्या वाचल्या की जवळपास प्रत्येकीत हे वाक्य असते: शंका घेणे हा तुझा अहंकार आहे. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. गीतेच्या चौथ्या अध्यायात गुरूकडून ज्ञान मिळवण्याची रीत सांगताना तीन शब्द एकत्र येतात: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. नमस्कार आणि सेवा यांच्या बरोबर मधे प्रश्न ठेवलेला आहे, आणि तोही ‘परि’ लावून, म्हणजे चहूबाजूंनी विचारलेला. तो मधला शब्द गाळणाऱ्याकडे जाऊ नये.

या बाबतीत गाडगेबाबांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. कीर्तनाला हजारोंची गर्दी, हातात खराटा, आणि पायाला कोणी हात लावू नये याचा कटाक्ष. मी कोणाचा गुरू नाही आणि मला कोणी शिष्य नाही, हे ते सांगत. यात्रेकरूंसाठी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. एवढे बाक भरले, रुमाल एकावरही नाही. समोर वाकलेल्या माणसामुळे ज्याचे काही वाढत नाही, त्याच्यापुढे वाकायला हरकत नाही.

‘आणि नम्रतेचाच अहंकार झाला तर?’

होतो. चौकातल्या फ्लेक्सवर स्वतःचा आठ फुटी फोटो आणि खाली ‘आपला चरणसेवक’ असे लिहिलेले आपण रोज पाहतो. त्याला हसणे सोपे आहे. हा लेख लिहिताना टोपीचा प्रसंग घालावा की नाही यावर मी बराच वेळ घालवला, आणि तो घातला तो बऱ्याच अंशी ‘किती प्रांजळ माणूस आहे’ असे वाचकाला वाटावे म्हणून, हे मला लिहिता लिहिताच कळले. रुमाल असा पडतो. तो पडू न देणे माझ्या तरी हातात नाही, पण पडलेला दिसला की उचलता येतो, आणि बहुधा दिवसातून पंधरा-वीस वेळा उचलावा लागतो.

‘मडके पक्के झाले हे कळणार कसे?’

स्वतःला तर कळतच नाही, कारण ‘आता मी नम्र झालो’ ही नोंद करणारा कारकून तोच अहंकार असतो. इतरांना कदाचित कळते, तेही मान मिळाला तेव्हा नव्हे, तर डोक्यावर थापटणे बसले तेव्हा. तेरच्या त्या बैठकीत गोरोबाकाकांनी एकेकाचे डोके वाजवून पाहिले. त्यांचे स्वतःचे डोके कोणी वाजवले का, हे मी ऐकलेल्या एकाही कीर्तनकाराने सांगितलेले नाही.